हात द्यावा की कान

तोंडातून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा माझ्या गुडघ्यांत चेलो होता. मुंबईच्या एका हॉलमध्ये आमच्या वाद्यवृंदाची तालीम चालली होती. खोकला आला म्हणून रुमाल तोंडाशी धरला, पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या ओळीवर गज टेकवला. समोर व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या फर्नांडिस बसायचा. त्यानं ते पाहिलं. एरवी तालीम संपली की तो माझी थट्टा करत यायचा. त्या दिवशी आला आणि हळूच म्हणाला, "दत्ता, उद्या सकाळी तुला डॉक्टरकडे नेणार. नाही म्हणायचं नाही."

हे लिहायला मला सांगितलं ते सॅनिटोरियमच्या, म्हणजे क्षयरोग्यांच्या दवाखान्याच्या, डॉक्टरांनी. नवीन येणारा रोगी भिंतीकडे तोंड करून पडतो, ते म्हणाले, आणि आम्ही काहीही सांगितलं तरी त्याला वाटतं हे धीर द्यायला बोलतायत. इथून चालत बाहेर गेलेल्या माणसानं सांगितलं तर तो ऐकेल. म्हणून सांगतो. औषधांतलं मला काही कळत नाही. जे माझ्यावर आलं तेवढंच लिहितो.

ती पेटी

आमचं गाव रहिमतपूरजवळ. घरचा थोडा ऊस, बाकी ज्वारी, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस पलटणीत. वडील हवालदार होते. मीही शिपाई व्हायचो, पण भरतीच्या वेळी छाती मापात बसली नाही. वडिलांच्या ओळखीवर बँडात घेतलं. पलटणीच्या बँडाला नुसती परेड नसते. साहेब लोकांच्या मेजवानीला तारवाद्यंही लागत. बँडमास्तरांनी माझी बोटं पाहिली आणि एक चेलो माझ्यापुढे ठेवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: व्हायोलिनसारखंच, पण कमरेच्या वर येईल एवढं थोरलं वाद्य. ते खुर्चीत बसून गुडघ्यांत धरायचं, डाव्या हातानं तारा दाबायच्या आणि उजव्या हातानं गज ओढायचा. त्याचा आवाज चाळिशीतल्या समजूतदार माणसाच्या गळ्यासारखा असतो.

पहिल्या रजेला मी तो गावी आणला. स्टेशनवरून बैलगाडीत आडवी ठेवलेली ती लांबोडकी काळी पेटी पाहून वेशीतली एक म्हातारी म्हणाली, "कुनाला आनलंय रं बाबा असं?"

पलटण सुटल्यावर मुंबईला गेलो. हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवलं, सिनेमाच्या स्टुडिओत वाजवलं, आणि संध्याकाळी पाश्चात्त्य संगीताच्या वाद्यवृंदात. तिथं आमचे कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून छडीनं सगळ्या वादकांना ताल दाखवणारे, एक म्हातारे गृहस्थ होते. लढाईच्या आधी युरोपातून जीव वाचवून आलेले. लढाई संपल्यावर त्यांना आपल्या माणसांचा शोध घ्यायला परत जायचं होतं. ते अधूनमधून मला पुढे बोलवत, हातात छडी देत आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसत. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी गेल्यावर इथे दत्ता उभा राहील." रहिमतपूरकडचा, छातीच्या मापात न बसलेला पोरगा! मी त्या दिवशी पायी घरी गेलो, कारण मला कुठे बसवेना.

रक्त आलं ते त्यानंतर थोड्याच आठवड्यांत.

निदान

डॉक्टरांनी एक्सरेची काच खिडकीशी धरली. उजव्या बाजूला वरती कापूस चिकटल्यासारखा डाग होता. "टी.बी. आहे," ते म्हणाले, "वाद्य बंद. बोलणंही कमी करा." मी विचारलं, "किती दिवस?" त्यांनी काच खाली ठेवली आणि चष्मा पुसला. नव्या रोग्यांना माझं सांगणं आहे, त्या दिवशी हा प्रश्न विचारू नका. उत्तर कुणाकडेच नसतं, आणि ते नसलेलं उत्तर मग रात्रंदिवस उशाशी राहतं.

घरी तारा, माझी बायको, आमच्या लेकीला, शालूला, वेणी घालत होती. तारा पलूसकडची. तिला सांगितलं. तिनं वेणी पुरी केली, रिबिन बांधली, पोरीला शेजारी पाठवलं आणि मग म्हणाली, "मंग आता करायचं काय, ते सांगा." त्या दिवशी ती रडली नाही. मीच रडलो.

सॅनिटोरियममध्ये खाट मिळेपर्यंत आम्ही गावी आलो. थोरले भाऊ आबा स्टेशनवर गाडी घेऊन आले होते. त्यांनी मला घरी नेलं नाही. विहिरीपाशी नवं छप्पर घातलं होतं, त्यात खाट, मडकं आणि वेगळं ताट-तांब्या. म्हणाले, "दत्तू, घरात पोरं हायती रं." मी मान हलवली. तारा मात्र त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. "भावाला बांधावर ठेवतायसा," एवढंच ती बोलली, आणि स्वतःचं अंथरूणही तिनं त्याच छपरात आणून टाकलं. शालूला आबांच्या पोरांत घरातच ठेवलं, मला ती लांबून दाखवत. ती हात हलवायची. पुढे पुढे हात हलवायचीही विसरू लागली.

आबांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. पण दुपारी घरातून पोरांचा गलका ऐकू यायचा आणि मी उसाकडे तोंड करून पडायचो.

माळावरचे दिवस

सॅनिटोरियम सांगलीच्या बाजूला, गावापासून दूर माळावर होतं. लांबच लांब व्हरांडे, एका बाजूनं उघडे. थंडीतही खाटा तिथेच. पहाटे तापमान, मग दूध आणि अंडं, मग पडून राहणं. जेवण झालं की विश्रांतीचा वेळ. तेव्हा बोलायचं नाही, वाचायचं नाही, कूस बदलायची तीही हळू. सुरुवातीला याचाच जास्त त्रास होतो. मी संगीतात विराम मोजायला शिकलेला माणूस; तरी हा विराम मला मोजता येईना.

एक युक्ती सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर पाहा. मी डोळे मिटून मनात एखादा तुकडा सुरुवातीपासून वाजवायचो, एकेक वाद्य धरून. आधी नुसते चेलो, मग व्हायोलिन, मग सगळे. घाई केली की श्वास वाढायचा आणि परिचारिका ओळखायची. "काय चाललंय मनात?" ती विचारायची. मग सावकाश वाजवायला शिकलो.

शेजारच्या खाटेवर बिरू होता. जतच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातला धनगर, माझ्याहून वयानं लहान, हाडांचा सांगाडा झालेला. त्याची दोन्ही फुप्फुसं रोगानं पोखरली होती. पण बोलण्याची हौस अशी की विश्रांतीच्या वेळातही ओठ हलवत राहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "तुमी काय करता?"

"वाजवतो."

"सनई?"

"नाही. थोरलं फिडल असतं, तसं."

"मला आपलं घुंगराचं कळतंय," तो म्हणाला. "माझ्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात घाटी हाय. अंधारात नुसत्या आवाजावनं सांगतो, कळप बसलाय का उठलाय." मग आम्ही दोघं आवाजांबद्दल बोलत बसायचो. तो कुत्र्यांच्या हाका सांगायचा, मी ट्रम्पेटच्या. खोकल्याच्या उबळींमधल्या जागेत एवढं बोलणं मला पुष्कळ वाटायचं.

तारा दर रविवारी यायची. ती आता गावीच राहिली होती. पहाटे निघून, गाड्या बदलून दुपारी पोचायची आणि दोन तास माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसायची. बोलायला काही नसलं तर गावातल्या भांडणांची सगळी हकीकत दोन्ही बाजूंचे आवाज काढून सांगायची. हसू आवरत नसे, आणि हसायची तर बंदी!

दोन रस्ते

माझ्या फुप्फुसाभोवती सुईनं हवा भरून ते मिटवायचा प्रयत्न झाला. जमलं नाही, ते छातीला आतून चिकटलं होतं. मग एका सकाळी डॉक्टर स्टूल ओढून बसले. डॉक्टर उभ्यानं बोलले तर काळजी नसते. बसले की समजावं.

"आता दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, शस्त्रक्रिया. उजवीकडच्या वरच्या फासळ्या काढायच्या, म्हणजे आजारी भाग दबून बसेल आणि भरून येईल. पण उजवा खांदा खचेल. हात जाणार नाही, जेवाल, लिहाल. तुमचं वाजवणं मात्र, तासन्‌तास गज ओढणं, ते होणार नाही."

"आणि दुसरा?"

"नवीन इंजेक्शन आलंय परदेशातून. अजून थोडंच मिळतं. बिरूला सुरू करतोय, कारण त्याची शस्त्रक्रिया होऊच शकत नाही. गुण येतो हे खरं. पण काही रोग्यांना चक्कर लागते, आणि काहींचे कान जातात. सगळ्यांचे नाही. कुणाचे जातील ते आधी सांगता येत नाही."

ते उठले, माझी चादर नीट केली आणि म्हणाले, "मी वादक असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. विचार करा."

मी विचार केला आणि बिरूकडे पाहत राहिलो. त्याचा ताप उतरला. अंगावर मांस धरू लागलं. भाकरी मागून खायला लागला. डोळ्यांदेखत एक माणूस मरणाकडून परत येताना मी पाहिला, आणि मनात म्हटलं, आपणही हेच घ्यावं. मग एका दुपारी परिचारिकेच्या हातून थाळी फरशीवर पडली. सगळा व्हरांडा दचकला. बिरू दाराकडे पाठ करून बसला होता. तो हललासुद्धा नाही.

त्याला कळायला आणखी थोडे दिवस लागले. कळलं तेव्हा तो मोठ्यानं, स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं म्हणाला, "आता मेंढरं हाकायची कशी रं?" आणि थोड्या वेळानं स्वतःच उत्तर दिलं, "कुत्रं हाय की!"

मी त्याला खुणेनं विचारलं, मी काय करू? त्यानं छातीवर हात ठेवला. "जीव राख गड्या. सुई घे. मी बघ की, खातोय, हिंडतोय."

ताराचंही तेच म्हणणं. सुरीचं नाव काढलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण त्याच महिन्यात पलीकडच्या व्हरांड्यातला एक रोगी टेबलावरून परत आला नव्हता. "तुमी बहिरं झाला तरी मी बघीन तुमच्याकडं," ती म्हणाली. "पर मेल्यालं न्हाई बघवायचं मला."

"हात गेला तर माझं वाजवणं जाईल, तारा. कान गेले तर सगळ्यांचंच वाजवणं जाईल."

तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "खरं सांगा. कान ठेवायचं ते कुणासाठनं? त्या पेटीसाठनं का माज्यासाठनं?"

"दोन्हींसाठी," मी म्हणालो. तेच खरं होतं. तिला ते आवडलं नाही. पुढचा रविवार ती आलीच नाही. आजारपणातला सगळ्यात वाईट रविवार तो. ताप नव्हता, उबळ नव्हती, आणि मी फाटकाकडे बघत दिवस काढला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मात्र ती आली, शालूला घेऊन. डॉक्टरांनी शालूला व्हरांड्याच्या पायरीपर्यंत येऊ दिलं. तिनं मला ओळखायला वेळ लावला. मग तारा तिला म्हणाली, "हाक मार की, त्यास्नी ऐकू येतंया." शालूनं हाक मारली. तारानं माझ्याकडे पाहिलं, आणि आमचं भांडण तिथं मिटलं.

टेबलावर

पूर्ण भूल देत नाहीत, जागा बधिर करतात. म्हणजे तुम्ही जागे असता आणि ऐकू येतं. हे मी लपवत नाही, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वेदना फारशी नाही. दाब, ओढ आणि हाड कापल्याचा आवाज. कान वाचवायचे म्हणून टेबलावर आलो आणि त्याच कानांना हे ऐकवलं. परिचारिकेनं माझा डावा हात धरला होता. "काहीतरी बोलत राहा," ती म्हणाली. मी तिला वाद्यवृंदात कोण कुठे बसतं ते सांगितलं, पहिल्या रांगेपासून. ट्रॉम्बोनपर्यंत पोचलो तेव्हा टाके पडत होते. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तसंच, त्याखालच्या फासळ्यांसाठी. दुसऱ्या वेळी भीती जास्त वाटली, कारण आता ठाऊक होतं.

नंतरचे दिवस दुखण्याचे. उजवा हात गळ्यात बांधलेला. सुटला तेव्हा तो वर येईना. भिंतीवर बोटांनी चढवत न्यायचा, ही कसरत. पहिल्या दिवशी हनुवटीपर्यंतही गेला नाही. मी खाटेवर येऊन पडलो. चेलो गेला, हे तोवर मला माहीत होतं; त्या दिवशी ते पटलं.

अशा वेळी बिरूनं मला उठवलं. बायकांच्या विभागात कुणाच्या तरी नातेवाइकांनी ग्रामोफोन आणला होता आणि संध्याकाळी वाऱ्यावर त्याचे सूर आमच्यापर्यंत येत. मी ऐकतोय हे बिरूनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "काय लागलंय?" त्यानं ओरडून विचारलं. मी काय सांगणार? डावा हात मोकळा होता. तोच उचलून हवेत दाखवायला लागलो. इथे हळू, इथे चढतंय, इथे थांबलं, इथे एकदम सगळे. बिरू एकटक बघत होता. "आत्ता उताराला लागलं," तो म्हणाला. "आत्ता कुनीतरी एकलंच हाय." बरोबर एकटी सनई वाजत होती. त्यानंतर रोज संध्याकाळी आमचा हाच कार्यक्रम. डाव्या हाताला मी मुद्दाम काही शिकवलं नाही. बिरूला समजावं एवढ्यासाठी तो शिकला.

बिरू माझ्या आधी घरी गेला. मेंढराच्या लोकरीचं घोंगडं मला ठेवून गेला. पुढे त्याची खबर नाही. तो त्याच्या माळावर असावा असं मी धरून चाललो आहे.

आबा

आबा इतक्या महिन्यांत एकदाही आले नव्हते. मला हिंडण्याची परवानगी मिळाल्यावर एक दिवस फाटकापाशी दिसले. गुळाची ढेप खांद्यावर, आत यावं की नाही अशा विचारात. मीच फाटकाशी गेलो. त्यांनी माझा खचलेला खांदा पाहिला आणि ढेप खाली ठेवली.

"भ्यालो हुतो रं दत्तू," ते म्हणाले. "तुला न्हाई, रोगाला भ्यालो."

"आबा, मीबी भ्यालो हुतो."

आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. आता पुढं काय करणार, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वाजवता येणार नाही, पण जमलं तर कंडक्टर होईन.

"मोटारीवर?" आबांचा चेहरा पडला. "या हातानं तिकटं फाडायची? त्यापरीस घरी ये की. ऊस हाय आपला."

मी इतका हसलो की टाक्यांच्या जागी कळ आली. मग समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तू काय बी वाजवनार न्हाईस, आन्‌ वाजवनाऱ्यांनी तुज्याकडं बघायचं?"

"व्हय."

"आन्‌ ते बघत्यात?"

हा प्रश्न माझ्याही मनात होता.

लिंबाखाली

त्याचं उत्तर लवकरच मिळालं. फर्नांडिस आणि आमचे काही वादक सिनेमाच्या कामासाठी कोल्हापूरला चालले होते. मिरजेला गाडी बदलायची होती. एक दिवस आधी निघून ते वाद्यांसकट सॅनिटोरियमवर आले. फर्नांडिसनं डॉक्टरांची परवानगी आधीच काढली होती. आमचे म्हातारे कंडक्टर युरोपात परत गेले होते. त्यांची जागा रिकामीच होती.

वादकांच्या डोळ्यांत थोडी भीती होती. रोगाचीच, दुसरं काय. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. चालता येणारे रोगी पायऱ्यांवर, बाकीच्यांच्या खाटा कठड्याशी ओढलेल्या. तारा आणि आबाही मुद्दाम आलेले, मागे उभे. माझ्यासाठी एक उंच स्टूल. फर्नांडिसनं छडी पुढे केली, मी ती डाव्या हातात घेतली. तो चमकला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

तुकडा सोपाच होता. तरी पाचव्या-सहाव्या मात्रेला सगळं विस्कटलं. माझ्या हाताच्या खुणा त्यांना आरशात पाहिल्यासारख्या उलट दिसत होत्या. गज थांबले. कुणीतरी खोकलं, रोग्यांपैकी. मी छडी खाली केली. मला वाटलं, झालं, आता हे सगळे नम्रपणे वाद्यं पेटीत भरतील.

फर्नांडिसनं व्हायोलिन हनुवटीखाली पुन्हा लावलं. "डावा तर डावा," तो म्हणाला. "आम्ही बघतो. तू फक्त थांबू नकोस."

मी पुन्हा हात उचलला. ते बघत होते. असं बघताना मी वादकांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण इतकी वर्षं मी त्यांच्यातच बसलेला होतो. या वेळी मात्रा सरळ पडल्या. व्हायोलिनं वर गेली, आणि मग ती जागा आली जिथे सगळे खाली येतात आणि चेलो एकटा पुढे होतो. माझ्या जागी आता एक तरुण वादक बसला होता. मी डाव्या हातानं त्याला ये म्हटलं.

तो आला. चांगला आला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात मांडीवर आपोआप आडवा सरकतोय, गज धरल्यासारखी बोटं करून, खांद्यात कळ येत असताना, त्याच्या प्रत्येक सुराबरोबर. सगळ्यांना दिसत असणार. मी त्याला सरकू दिलं.